मुलाच्या दाताचं मूळ तुटलं होतं, तरी दात काढावा लागला नाही (रत्नागिरीतला दाताचा दवाखाना)

मे महिन्यात माझा मुलगा, वय 13, काजू काढायला गडग्यावर चढला नि घसरून तोंडावर चिऱ्यावर आपटला. वरचा पुढचा दात खाली लोंबल्यासारखा, हिरडीतून रक्त. गावाजवळच्या एका दवाखान्यात नेलं, नाव लिहीत नाही, तिथे एकच एक्सरे काढून म्हणाले मूळ ठीक आहे, हलतोय तो बसेल आपोआप, गोळ्या घ्या. रात्रभर पोराला तोंड मिटता येत नव्हतं, दातावर दात आला की कळवळायचा. सकाळी पहिली एसटी धरून रत्नागिरीला आलो.

इथल्या मॅडमनी वेगवेगळ्या कोनांतून एक्सरे काढले. पहिल्यात खरंच काही नव्हतं. दुसऱ्या वेळी मशीन जरा कलतं धरलं, आणि मुळाच्या बरोबर मधोमध केसाएवढी काळी रेघ! स्क्रीनवर पेनाचं टोक ठेवून दाखवलं त्यांनी. "ताई, किरण त्या फटीतून सरळ गेले तरच ती दिसते, म्हणून असा मार लागला की एका एक्सरेवर सोडायचं नाही."

बधिर करून घसरलेला तुकडा बोटांनी जागेवर बसवला, बसला का ते परत एक्सरे काढून बघितलं, आणि शेजारच्या दातांना धरून पातळ तार चिकटवली, 4 आठवड्यांसाठी. तार थोडी लवचिकच लागते म्हणे. तूट हिरडीजवळ असती तर 4 महिन्यांपर्यंत ठेवावी लागली असती.

मग दाताला थंडगार कापूस लावला तर मुलाला काहीच कळेना. मी घाबरले, म्हटलं मेला असेल दात, रूट कॅनल करूनच टाका. मॅडम ठाम नाही म्हणाल्या. मार बसल्यावर नस काही महिने गप्प राहू शकते, नुसत्या ह्या टेस्टवरून दात मेला म्हणायचं नाही, आणि पुढे खरंच मेली तरी शक्यतो तोंडाकडच्या तुकड्याचंच रूट कॅनल, तुटीपर्यंत, मुळाच्या टोकाचा तुकडा बहुतेक वेळा जिवंत असतो. इतकं नीट समजावून सांगणारं मला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

महिनाभर पेज, मऊ भात, कुळथाची पिठी. ऐन सीझनला हापूस चोखायचा नाही, फोडी करून चमच्याने. मऊ ब्रश आणि क्लोरहेक्सिडिन ह्या जंतुनाशक औषधाच्या चुळा दिवसातून 2 वेळा, त्यात मी एकदाही सूट दिली नाही.

तार काढली तेव्हा दात घट्ट होता. चौथ्या महिन्यात परत तोच थंड कापूस लावला आणि पोरगा "आई गं" करून खुर्चीतच उडाला, मला रडूच फुटलं तिथे. आता 6 महिने झाले, रंगही बदललेला नाही. पुढची तपासणी मे मध्ये, मग दर वर्षी, 5 वर्षं होईपर्यंत.

गर्दी मात्र फार, अपॉइंटमेंट असून तासभर बसावं लागतं, लांबून येणाऱ्यांनी परतीच्या एसटीचा हिशोब धरूनच यावं. आधी कुठे एक्सरे काढला असेल तर तो सोबत आणा, मॅडम पहिल्यांदा तोच मागतात.