ऑक्सिक्लोझानाइड 3.4%: लिव्हर फ्लूकची लस येईपर्यंतचं औषध

घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घेता येते. गायी-म्हशींच्या लिव्हर फ्लूकवर, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंतावर, मात्र बाजारात लसच नाही. ओढ्याकाठी, भातखाचरात चरणाऱ्या जनावरांची भिस्त औषधावरच. ऑक्सिक्लोझानाइड या पातळ औषधाला पाचपैकी चार गुण.

एक गुण का कापला, तर ते फक्त पित्तनलिकेत पोचलेले मोठे जंत मारतं. यकृत पोखरत चाललेले कोवळे जंत सुटतात. आपल्याकडच्या जातीला अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला तीन-साडेतीन महिने लागतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाजावं लागतं. ट्रायक्लाबेंडाझोल हे दुसरं औषध कोवळ्यांवरही चालतं. दुभत्या जनावराला देण्याआधी दुधाचं डॉक्टरांना विचारा.

गायीला डोस किलोमागे 10 मिग्रॅ. वजन नजरेने ठरवू नका, कमी डोसात जंत जगतात. छातीचा घेर इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, भागिले 660. घेर 62, लांबी 52 असेल तर 303 किलो. 1 मिलीत 34 मिग्रॅ औषध, म्हणजे साधारण 90 मिली. बाटली खूप हलवा. तळाला पांढरा साका राहिला तर पहिल्या गायीला नुसतं पाणी आणि शेवटचीला जास्त डोस जातो. पाजताना तोंड आडवं ठेवा. मान वर ताणली की ठसका लागतो, औषध फुप्फुसात उतरतं आणि जनावर न्यूमोनियाने दगावतं. नंतर एक-दोन दिवस शेण पातळ होतं, घाबरू नका.

जबड्याखाली मऊ सूज, बोटाने दाबली की खळगा राहतो, हे दिसेपर्यंत थांबू नका. आधी शेण तपासा, तेही तळाशी बसवण्याच्या पद्धतीने: ही अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवायला गेलं तर निसटतात.

लस अडली आहे ती जंताच्याच चलाखीमुळे. तो सोडत असलेलं कॅथेप्सिन एल हे विकर (एन्झाइम) जनावराची रोगाशी लढणारी प्रतिपिंडं कापतं. तेच विकर आणि जंताचं हिमोग्लोबिन मिळून केलेल्या लसीने, 1996 साली प्रसिद्ध झालेल्या आयर्लंडमधल्या प्रयोगात, गायींमधले जंत 72 टक्क्यांनी घटले. पुढे सगळीकडे इतकं यश टिकलं नाही. पण त्या प्रयोगात उरलेल्या जंतांची जवळजवळ सगळी अंडी वांझ निघाली, म्हणजे जंताची पिल्लं ज्यांच्यात वाढतात त्या गोगलगायींपर्यंत लागण पोचण्याची वाटच तुटली.