छुपी दगडी ओळखायला काय घ्यावं: पॅडल, मीटर की प्रयोगशाळा?

गाय निवांत रवंथ करतेय, कास मऊ आहे, दुधात गाठ नाही. तरी मापात अर्धा-पाऊण लिटर कमी भरतं. आपण ढेपेला दोष देतो, नाहीतर नागपूरच्या उन्हाला. पुष्कळदा कारण सडात असतं: छुपी दगडी, म्हणजे सुप्त कासदाह. हिंगण्याकडे आमच्या आठ गाई आहेत. पाच-दहा जनावरं असलेल्या माणसाने तपासणीचा पैसा कुठे घालावा, एवढंच इथे मांडतो.

पहिली धार काळ्या वाटीत घेऊन गाठी बघणं रोजचंच असावं. पण त्यात उघडी दगडी कळते, छुपी नाही.

माझा कौल पॅडलला, म्हणजे सीएमटीला (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट). 1957 पासून वापरात असलेली ही साधी तपासणी आहे. चार खणांच्या पॅडलमध्ये चारही सडांचं दोन-तीन मिली दूध, तेवढंच जांभळट द्रावण, आणि हलकेच गोल फिरवायचं. दहा-वीस सेकंदांत उत्तर मिळतं. संसर्गाशी लढायला दुधात पांढऱ्या पेशी उतरतात; द्रावणातलं डिटर्जंट त्या फोडतं आणि आतला डीएनए चिकट होतो. पहिल्यांदा केलं तेव्हा तीन खण पाण्यासारखे खेळत होते. मागच्या उजव्या सडाचा खण भाताच्या पेजेसारखा दाटला आणि मधोमध गोळा झाला. हाताला त्या सडात काहीच लागत नव्हतं. त्याआधी आम्ही एका सडाच्या शंकेवर चारही सडांत प्रतिजैविकाच्या ट्यूब सोडायचो. तीन निरोगी सडांना विनाकारण औषध दिलं, याचं आजही वाईट वाटतं.

मर्यादा दोन. व्याल्यावर पहिले चार-पाच दिवस आणि गाय आटत आली असताना निरोगी दूधही दाटू शकतं. शिवाय जंतू कोणता, हे पॅडल सांगत नाही. द्रावण मिळालं नाही तर कपडे धुण्याच्या पावडरीचं 3 टक्के द्रावण चालतं, फक्त निकाल थोडा ढोबळ येतो.

मीटर दुधातून वीज किती वाहते ते मोजतो. सड बिघडलं की दुधात सोडियम-क्लोराइड वाढतं, आकडा चढतो. झटपट खरं, पण जात, वेताचा काळ, दुधाचं तापमान यांनीही आकडा हलतो, म्हणून एकाच गाईचे चार सड एकमेकांशी ताडून बघावे लागतात. यंत्राने दूध काढणाऱ्या मोठ्या गोठ्यात रोजची नोंद राहते, तिथे तो शोभतो. आठ गाईंसाठी मी घेणार नाही.

प्रयोगशाळेत पेशींची नेमकी मोजणी होते. गाईच्या दुधात मिलीलिटरला 2 लाखांच्या वर गेलं की संशय धरतात. खरी किंमत मात्र जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते पाहण्याला आहे. त्याला दोन-तीन दिवस जातात. स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी हा जंतू उपचाराला चांगली दाद देतो. जुना स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेत दडून बसतो आणि ट्यूबमागून ट्यूब वाया जाते. ई. कोलायचा सौम्य त्रास कित्येकदा शरीरच निस्तरतं. हा फरक कळला की डॉक्टर औषध टाळू शकतात किंवा गाय आटवेपर्यंत थांबू शकतात. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना न्यायच्या आधी सोय आणि वेळ विचारून घ्या. सडाचं टोक 70 टक्के अल्कोहोलने पुसा, पहिल्या धारा सोडा, निर्जंतुक नळीत घ्या आणि बर्फात न्या. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवलेला नमुना कामाचा राहत नाही.

औषध दिलंच तर ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालू नका. त्यात विरजणही नीट लागत नाही, आणि उकळून औषधाचे अंश जातीलच असं नाही.

आमच्याकडे आता दर पंधरा दिवसांनी सकाळच्या धारेआधी पॅडल फिरतं. खण दाटला तर त्या एकाच सडाचा नमुना जातो, आणि निकाल येईपर्यंत त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी निघते.