दांडिया बाजारातली अभ्यासिका: खुर्ची ठीक, दादा उत्तम

माझा भाचा व्याऱ्याहून बी.एस्सी.ला इथे बडोद्यात आला, मुक्काम आमच्याकडे. बारावीपर्यंत गुजराती माध्यम. सप्टेंबरात एका रात्री जेवताना म्हणाला, "आत्या, मी परत जातो. बाबांच्या दुकानात बसेन." खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन आठवडे हा डबा घेऊन निघत होता आणि कमाटीबागेत बसून परत येत होता.

शेजारणीने ही अभ्यासिका सुचवली. महिन्याला 700 रुपये. मी नाकच मुरडलं. विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी असताना खुर्चीचे पैसे कशाला मोजायचे? पण इथे संध्याकाळी एम.एस्सी.चा एक दादा बसतो, आणि पैसे खरे त्याचेच आहेत.

पहिल्या दिवशी त्याने पुस्तक उघडलंच नाही, कोरा कागद घेतला. केमिस्ट्रीची लेक्चर्स 40. झाली 20, त्यात हा हजर 11. पंच्याहत्तर टक्के हजेरीला 30 हवीत. "उरलेल्या 20 मधलं एकच बुडवता येईल. कुठलं, ते तू ठरव." पोराने ते एक शेवटपर्यंत जपून ठेवलं, बुडवलंच नाही!

दुसरी अडचण भाषेची. शाळेत 'द्रावण' शिकलेला मुलगा 'सोल्यूशन' ऐकलं की गणिताचं उत्तर शोधायचा. दादाने वहीच्या मागच्या पानांवर डावीकडे गुजराती, उजवीकडे इंग्रजी शब्द लिहून घेतले. ए.टी.के.टी. लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, की घरी पाठवतात, असंही याच्या डोक्यात बसलेलं. राहिलेला विषय पुन्हा देता येतो, नियमात बसलं तर पुढची टर्म चालू राहते, हे त्याला इथे कळलं. त्या रात्री नीट जेवला.

सलग दोन दिवस मुलगा दिसला नाही तर घरी फोन येतो. मला दोनदा आला. एकदा खरंच ताप होता.

आता तक्रार. नवरात्रात नऊ दिवस कुलूप, आणि उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी याची इंटर्नल परीक्षा. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेतले. मालकांना विचारलं तर म्हणे, "बेन, गरब्यात कोण वाचतं?" गणित सांगायलाही कोणी नाही, त्यासाठी वेगळी शिकवणी लावावी लागली.

जागा घ्यायची असेल तर खिडकीजवळची नको. खाली सेव-उसळीची लारी लागते, सात वाजता फोडणीचा वास थेट वहीवर येतो.