एक्सवरच्या कम्युनिटी नोट्स: दोन हत्यांच्या काळात वापरल्यावर काय वाटलं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अख्ख्या एक्सचा (म्हणजे जुन्या ट्विटरचा) नाही, फक्त त्यातल्या कम्युनिटी नोट्सचा, म्हणजे पोस्टखाली वापरणाऱ्यांनीच लावलेल्या पडताळणीच्या टिपांचा आहे, आणि मी त्या जून २०२५ पासून नेमाने वापरतेय म्हणून लिहितेय.

मी अमेरिकेत मिनेसोटात राहते. १४ जूनला शनिवारी सकाळी चहा ठेवत असताना बातमी कळली की ब्रुकलिन पार्कमध्ये मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती मार्क यांना घरात घुसून गोळ्या घातल्या. त्या आमच्या विधानसभेच्या माजी स्पीकर. त्याआधी सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांच्या बायकोवर पण गोळ्या झाडल्या होत्या, ते वाचले. मारेकरी पोलिसासारखे कपडे घालून आला होता. त्या दिवशी दारावरची बेल वाजली तरी आम्ही उघडत नव्हतो, संशयित रविवारी रात्री सापडला तोपर्यंत घरात टीव्ही चालूच.

आणि फोन उघडला की काय, तर तो कोणाचा माणूस यावरून मारामारी. उजवीकडचे म्हणत होते डाव्यांनीच मारलं, कारण गव्हर्नर वॉल्झनी त्याला एका बोर्डावर नेमलं होतं. आता त्या बोर्डावर डझनावारी माणसं असतात आणि याला पहिल्यांदा नेमलं होतं आधीच्या गव्हर्नरने, पण हे कोण वाचतंय. युटाचे सिनेटर माइक ली यांनी रविवारी पोस्ट टाकली की मार्क्सवाद्यांच्या मनासारखं झालं नाही की असं होतं, नंतर काढून टाकली. खुद्द एक्सचे मालक मस्क यांनी लिहिलं की कट्टर डावे खुनशी हिंसक आहेत. गेलेल्या बाई डेमोक्रॅट, म्हणजे डावीकडच्या पक्षाच्या, संशयिताकडे ज्यांच्या नावांची यादी सापडली ते बहुतेक डेमोक्रॅट, आणि तरी हे. मला इतका राग आला होता की मी त्याच आठवड्यात नोट्ससाठी नाव नोंदवलं.

आता ही सोय काय आहे ते सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेत बर्डवॉच नावाने सुरू झाली, मग नाव बदललं, भारतात एप्रिल २०२४ मध्ये आली. कुठल्याही पोस्टखाली सभासद एक छोटी टीप लिहू शकतो, सोबत लिंक देऊन. पण सुरुवातीला लिहायला मिळत नाही, आधी दुसऱ्यांच्या टिपा तपासून उपयोगी, थोडी उपयोगी, नाही असं मार्क करत बसायचं, तुमचं मत बरोबर ठरत गेलं की पॉइंट वाढतात आणि मग लिहायची परवानगी मिळते. खरं नाव दिसत नाही, टोपणनाव असतं.

खरी गंमत पुढे आहे, आणि मला ही सोय आवडते ती याच्यासाठीच. टिपेला नुसती भरपूर हो मतं मिळून चालत नाही. हजार जणांनी हो म्हटलं आणि ते सगळे एकाच गोटातले असले तर टीप दिसणार नाही. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा माणसांनी दोन्हीकडून हो म्हणावं लागतं. तुमचा पक्ष कोणी विचारत नाही, तुम्ही आजवर कुठल्या टिपांना हो आणि कुठल्यांना नाही म्हणत आलात त्यावरून प्रोग्रॅम ओळखतो, आणि हा कोड सगळ्यांना बघायला उघडा आहे. म्हणजे टीप लिहिताना आपोआप डोक्यात येतं की समोरच्या बाजूचा माणूस हे वाचून मान्य करेल का. मी पहिल्या आठवड्यात लिहायचा सराव म्हणून वहीत टिपा लिहिल्या होत्या, आता बघितल्या तर प्रत्येकीत एक तरी शब्द असा आहे जो फक्त टोचण्यासाठी टाकलाय. 'बेशरमपणे' वगैरे. ते शब्द काढायला शिकले हा माझ्यासाठी मोठा फायदा.

मग १० सप्टेंबर आला. युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत, ऑरेमला, तीन हजारांच्या आसपास लोकांसमोर चार्ली कर्कला, उजव्यांच्या प्रसिद्ध तरुण कार्यकर्त्याला, गोळी घातली. वय ३१, घरी दोन लहान मुलं. आणि आता सगळं नाटक उलट्या बाजूने. जूनमध्ये जे माझ्याबरोबर रडले होते त्यांच्यातलेच काही जण त्याचं २०२३ चं वाक्य फिरवायला लागले, की बंदुकीचा हक्क टिकवण्यासाठी दरवर्षी काही माणसं गेली तरी ती किंमत परवडते. वाक्य त्याचंच आहे. त्यामुळे त्याखाली काही टीप लागू शकत नाही, आणि लागूही नये. पण रक्त वाळायच्या आत ते का फिरवलं जात होतं हे फिरवणाऱ्याला माहीत होतं आणि मलाही. दुसरीकडे मस्क यांनी त्याच दिवशी लिहिलं की डावे म्हणजे खुन्यांचा पक्ष. कोणी मारलं, का मारलं काहीच माहीत नाही, संशयित दुसऱ्या दिवशी रात्री ताब्यात आला. तोपर्यंत एका बाजूने ठरवून टाकलं होतं तो ट्रान्स किंवा अँटिफा (फॅसिझमविरोधी कडव्या डाव्यांतला) आहे, दुसरीने ठरवलं होतं तो उजव्यांतलाच आणखी कडवा आहे.

इथे नोट्स कुठे कामाला आल्या आणि कुठे नाही ते स्पष्ट दिसलं. चुकीच्या माणसांचे फोटो मारेकरी म्हणून फिरत होते, त्यात कॅनडातला एक वयस्कर माणूस होता ज्याचा काही संबंध नव्हता. एक्सचा स्वतःचा एआय चॅटबॉट ग्रोक पण चुकीची नावं सांगत होता. अशा एका फोटोखाली मी टीप बघितली, दोन ओळींची, हा तो नाही, ही लिंक. त्या टिपेला डावे उजवे सगळे हो म्हणाले असणार, त्याशिवाय ती दिसलीच नसती, आणि त्या दिवसात दोन्हीकडच्यांनी मिळून केलेली ही एवढी एकच गोष्ट माझ्या नजरेस पडली. एका फार मोठ्या कादंबरीकाराने लिहिलं की कर्क समलिंगींना दगडांनी मारा म्हणायचा, ते चुकीचं निघालं, त्यांनी पोस्ट काढून माफी मागितली. अशा गोष्टीत पडताळणी चालते.

पण वेळ लागतो. दोन्हीकडची मतं जमेपर्यंत पोस्ट लाखो लोकांनी वाचलेली असते. आधी लाइक केलेल्यांना नंतर कळवतात की टीप लागली, हे चांगलं आहे, पण तोवर त्यांनी चार ठिकाणी पाठवलेलं असतं. बहुतेक टिपा कधी दिसतच नाहीत, जितका विषय जास्त पेटलेला तितकं दोन्हीकडचं हो मिळणं अवघड. आणि 'खुन्यांचा पक्ष' हे मत आहे, त्याला टीप कसली लावणार.

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टीप पण नाही, फॉरवर्डचे दोन बाण तेवढे दिसतात. जूनमध्ये पुण्यातल्या एकाने हॉर्टमनबद्दल लिहिलं, करावं तसं भरावं. सप्टेंबरमध्ये त्याच्याशी कायम भांडणाऱ्या मैत्रिणीने कर्कबद्दल लिहिलं, करावं तसं भरावं. अक्षर न अक्षर तेच. मी पोटातून हादरले, कारण २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वरच्या पुलावर दाभोलकरांना मारलं तेव्हा मी पुण्यातच होते आणि फेसबुकवर हेच वाक्य वाचलं होतं. सकाळी फिरायला निघालेला माणूस. तेव्हा त्या वाक्यावर रडलेली हीच मैत्रीण होती.

माझं रेटिंग ५ पैकी ३. खोटे फोटो, खोटी वाक्यं, खोटी नावं यासाठी चार पण देईन. मराठी लोकांनी जास्त संख्येने नाव नोंदवावं असं मला मनापासून वाटतं, कारण मराठी पोस्ट वाचून हो नाही म्हणणारी दोन्हीकडची माणसं असली तरच तिथे टीप लागणार. खातं सहा महिने जुनं आणि फोन नंबर व्हेरिफाय केलेला हवा, आणि अलीकडे एक्सचे नियम मोडल्याची नोटीस आलेली नसावी.

अजून एक. माझे दीर ॲरिझोनात असतात, कर्कचे कार्यक्रम आवडीने ऐकायचे. आमचं राजकारणावर बोलणं बंदच होतं. १० तारखेला संध्याकाळी मी त्यांना फोन केला, भावजी, ठीक आहात ना एवढंच विचारलं. बराच वेळ ते बोललेच नाहीत, मग म्हणाले, "वहिनी, जूनमध्ये मी तुम्हाला फोन करायला हवा होता." आता त्यांनी पण नोट्ससाठी नाव नोंदवलंय. कुठल्या टिपेला कोणी काय मत दिलं ते नावानिशी दिसत नाही, म्हणून रविवारी फोनवर आम्हीच एकमेकांना विचारतो.