नव्या ग्राफिक कार्डानंतर पीसी चालूच होईना: एसएमपीएस बदलावा, कार्ड बदलावं की दुकान गाठावं?

पीसीत नवं ग्राफिक कार्ड बसवलं आणि डिस्प्लेच येईना, की पहिला सल्ला मिळतो तो "कार्ड डेड आहे, परत कर" असाच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे असेंबल केलेल्या मशीनवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे किंवा उद्यमबागेच्या कारखान्यांत कास्टिंगचं थ्रीडी डिझाइन करणारे खूप जण आहेत. मशीन बंद म्हणजे त्यांचं काम बंद, म्हणून घाईत निर्णय होतो आणि चांगलं कार्ड परत जातं. माझं मत आधीच सांगतो. पीसी असेंबल केलेला असेल आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबतच आला असेल, तर पैसे एसएमपीएसवर घाला. कंपनीचा तयार ऑफिस पीसी असेल, तर कार्ड बदला. दुकानात जायचं ते दुसऱ्या एसएमपीएसवर चाचणी घ्यायला.

पण खिशात हात घालण्याआधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, किंवा पंखे क्षणभर फिरून थांबतात, तर संशय वीजपुरवठ्यावर. पंखे फिरत राहतात पण स्क्रीन काळी, तर कार्ड नीट न बसणं, केबल किंवा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम). विंडोजचा लोगो येऊन मग काळं होतं, तर तो जुन्या ड्रायव्हरचा घोळ. विंडोजच्या सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या फुकट प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पुसा, नवा टाका. त्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका.

फुकटातल्या चुकाही बऱ्याच असतात. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्याच पोर्टला राहिलेली असते, ती कार्डाला लावायची. कार्ड दाबून बसवताना शेजारची रॅम एका टोकाला उचकटते. रॅम काढून, तिची पट्टी खोडरबराने पुसून पुन्हा दाबा. कार्डावरचं पॉवरचं सॉकेट रिकामं राहिलेलं असतं. कार्ड काढून मदरबोर्डवरून डिस्प्ले येतो का हेही बघता येतं, पण प्रोसेसर आय५-१२४००एफसारखा 'एफ'वाला असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे डिस्प्ले आला नाही म्हणून बोर्ड गेला असं समजू नका.

एसएमपीएस की कमी वॅटचं कार्ड

एसएमपीएसच्या बाजूला मोठ्या अक्षरात '५०० वॅट' लिहिलेलं असतं. ते सोडा आणि खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. स्वस्तातल्या एखाद्या एसएमपीएसवर तिथे १८ अँपियर लिहिलेलं सापडेल. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. आय५-१२४००एफ भरात आला की ११७ वॅटपर्यंत ओढतो, आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० लागतात. बेरीज २८७. कागदावरच पुरत नाही, आणि एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. विंडोजपर्यंत कसंबसं गेलेलं मशीन रेंडरिंग सुरू होताच बंद पडतं, तेही बहुधा याच कारणाने.

अशा वेळी हार्ड डिस्कच्या प्लगमधून कार्डाला वीज देणारा पिवळ्या-काळ्या वायरचा कन्व्हर्टर हातात ठेवला जातो. कळकळीने सांगतो, घेऊ नका. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. हार्ड डिस्कच्या साटा प्लगची १२ व्होल्टवरची मर्यादा आहे ५४ वॅट. त्यातून १५० ओढले की प्लग वितळू शकतो. कन्व्हर्टरने एसएमपीएसची ताकद वाढत नाही, फक्त भोक जुळतं. आणखी एक धोका म्हणजे प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला जवळपास सारख्या, पण त्यांच्यातल्या १२ व्होल्टच्या वायरी उलट्या बाजूंना असतात. जोर लावावा लागत असेल तर थांबा.

चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला तर तो पुढच्या कार्डालाही चालतो, आणि उरलेल्या मशीनचंही रक्षण होतं. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबली त्याला जोडू नका. प्लग जुळला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे यूपीएस. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. कार्ड मोठं झालं की तोच लाइट जाताना मशीन पाडतो आणि दोष कार्डावर जातो. चाचणी घेताना प्लग थेट भिंतीच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा.

आता कंपनीच्या तयार पीसीचं. सेकंडहँड ऑफिस मशीन स्वस्तात मिळतात म्हणून विद्यार्थी ती घेतात आणि वर कार्ड घालतात. त्यातल्या कित्येकांचा एसएमपीएस वेगळ्याच आकाराचा असतो, काहींत तर मदरबोर्डचा प्लगही नेहमीचा २४ पिनचा नसतो. बाजारातला एसएमपीएस त्यात बसतच नाही. इथे ७५ वॅटच्या आतलं, वेगळा पॉवर प्लग न मागणारं कार्डच शहाणपणाचं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटचं आहे (८ जीबीचं १३० वॅटचं, तेव्हा खोका नीट वाचा). आरएक्स ६४०० तर ५३ वॅटवरच चालतं, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे तयार व्हिडिओ झटपट फाइलमध्ये बनवणारा भाग, नाही. व्हिडिओ एडिटिंगवर पोट असेल त्याने ते घेऊ नये, एक्स्पोर्टला ताटकळत बसावं लागेल. शिवाय ते स्लॉटमधल्या चारच लेनवर (माहितीच्या वाटांवर) चालतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर आणखी मंदावतं.

वीज पुरतेय, तरीही काळी स्क्रीन

जुनं कार्ड लावलं की सगळं ठीक, नवं लावलं की पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, आणि बोर्ड एच६१ किंवा बी७५ या जुन्या इंटेल चिपसेटच्या काळातला, तर बायोसकडे वळा. आधी प्लग काढून बोर्डावरचा सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, मग बसवून बघा. नाही जमलं तर जुन्या कार्डावर मशीन चालू करून बायोस अपडेट करायचा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात तर हे काम चालू यूपीएसशिवाय करूच नये.

बायोसमधला सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारी सोय) बंद करायला सगळेच सांगतात. पण विंडोज डिस्कची विभागणी करायच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल, तर सीएसएम बंद केल्यावर डिस्प्ले येईल आणि विंडोज उघडणार नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन आहेच. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

घरी, बेळगावात की ऑनलाइन

ऑनलाइन कार्ड कधीकधी स्वस्त पडतं, पण परत करायची मुदत कमी असते आणि दोष कार्डाचा की एसएमपीएसचा हे सिद्ध करायला घरी दुसरा एसएमपीएस नसतो. दुकानदाराकडे तो असतो, आणि तिथे जायचं हेच मोठं कारण. ओळखीचा दुकानदार असेल तर "मामा, तुमच्या एसएमपीएसवर जरा लावून बघा की" एवढं म्हटलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरही हाताशी आहे. तिथून घ्यायला हरकत नाही, फक्त वॉरंटीसाठी कार्ड दुकानदार स्वतः पाठवणार की तुम्हाला सर्व्हिस सेंटर शोधावं लागणार, हे पैसे देण्याआधी विचारा. किमतीतल्या थोड्या फरकासाठी मी तरी ओळखीचा दुकानदार सोडणार नाही.

मशीन नेताना जुनं कार्डही सोबत न्या. नवं कार्ड त्यांच्या मशीनवर नुसतं डिस्प्लेपुरतं न बघता दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवायला सांगा. त्यांच्याकडे चाललं आणि तुमच्याकडे नाही, तर तिथेच तुमच्या मशीनला त्यांचा एसएमपीएस जोडून बघायला लावा. काहीही विकत घेतलंत तरी पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.