रोटरी माझदा घ्यायचीय: एफसी, एफडी की आरएक्स-८?

रोटरी माझदा घेणारे आधी मॉडेल ठरवतात, मग रंग, मग बजेट, आणि इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघतात. क्रम उलटा हवा. (एफसी आणि एफडी म्हणजे आरएक्स-७ ची दुसरी आणि तिसरी पिढी; रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात.) या गाड्यांत किती किलोमीटर झाले याला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो कॉम्प्रेशनच्या, म्हणजे रोटर हवा किती दाबतो त्याच्या, सहा आकड्यांना: दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू. कॉम्प्रेशन धड असलेली, रंग उडालेली एफसी ही इंजिन बसत आलेल्या चकचकीत एफडीपेक्षा कधीही परवडते.

भारतातल्या वाचकांनी मात्र फक्त वाचनाचा आनंद घ्यावा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे सर्वसाधारण नियमांत आयात करता येत नाही. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका किंवा जपानमध्ये असलेल्या मंडळींना या गाड्या खरोखर विकत घेता येतात.

थोडा इतिहास, कारण दोष तिथूनच कळतात. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टसाठी केनिची यामामोटो यांच्या चमूने रोटरी इंजिन चालण्याजोगं केलं. रोटरच्या टोकांवरच्या सील, म्हणजे एपेक्स सील, हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पाडायच्या. तो प्रश्न सोडवायलाच सगळा जीव गेला. १९७८ मध्ये पहिली आरएक्स-७ आली, १२ए इंजिन, ११४६ सीसी. ती आता संग्राहकांची गाडी झाली आहे, म्हणून इथे धरलेली नाही. १९८५ ला एफसी, १९९१ च्या अखेरीस एफडी, २००२ मध्ये आरएक्स-७ बंद आणि २००३ पासून २०१२ पर्यंत आरएक्स-८.

या तिघींचं इंजिन मुळात एकच: १३बी. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण १३०८. (जपानमध्ये वाहनकरासाठी हा आकडा दीडपट धरतात, म्हणजे १९६२, दोन लिटरच्या आतच.) तरी प्रत्येकीची बंद पडण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि निवड करायची ती त्यावरून.

एफसी: हाताने काम करणाऱ्यांसाठी

टर्बो एफसी जपानमध्ये १८५ अश्वशक्तीची होती, १९८९ च्या बदलानंतर २०५. एकच टर्बो, इंटरकूलर बॉनेटखाली इंजिनाच्या डोक्यावर, आणि आजूबाजूला हात घालायला बऱ्यापैकी जागा. विनाटर्बो एफसीही मिळते. पिकअप कमी, पण इंजिन जास्त टिकाऊ.

इथे इंजिनापेक्षा वय नडतं. वायरिंग कडक होऊन कनेक्टर हातात तुटतात. सुरुवातीच्या गाड्यांत ३८०० आरपीएमच्या आसपास, दुसरी इंजेक्टर जोडी सुरू होते तिथे, गाडी अडखळते. विकणारा “टर्बो गेलाय” म्हणून किंमत कमी करत असेल तर आधी अर्थिंगचे जोड घासून स्वच्छ करा आणि थ्रॉटल सेन्सर जुळवून घ्या. बऱ्याचदा काम तेवढ्यावरच भागतं. पंखा इंजिनावरच क्लचने फिरतो. तो क्लच ढिला झाला की ट्रॅफिकमध्ये तापमान चढतं. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून बघा: सहज गरगर फिरला तर क्लच गेला.

एफडी: सुंदर, आणि खर्चिक

दिसायला आणि वळवायला एफडीला तोड नाही. वजन १३०० किलोच्या आत आणि इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेलं. सुरुवातीला २५५ अश्वशक्ती, १९९६ ला मॅन्युअलमध्ये २६५, १९९९ पासून वरच्या मॉडेलांत २८०. दोन टर्बो एकामागोमाग सुरू होतात: पहिला खालून ओढतो, सुमारे ४५०० आरपीएमला दुसरा जोडला जातो.

ही अदलाबदल व्हॅक्युमवर चालते, आणि त्यासाठी इनटेक मॅनिफोल्डखाली रबरी नळ्यांचं अक्षरशः जंगल आहे. उष्णतेने नळ्या कडक होतात, एक सटकली की दुसरा टर्बो लागतच नाही. टेस्ट ड्राइव्हला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मोजणारा गेज लावून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. सुमारे १० पीएसआय, ४५०० ला क्षणभर ८, पुन्हा १०: असा चढउतार दिसला पाहिजे. नाही दिसला तर सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घालायचा खर्च किमतीतून वजा करा.

इंजिन मरतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, कूलंट. आधीच्या गाड्यांतली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची टाकी शिवणीवर फुटते, कूलंट जातं, आणि तापमानाचा काटा मध्यावर निवांत बसलेला असतो. तो काटा साधारण ८० अंशांपासून शंभरीच्या पुढेपर्यंत हलतच नाही. तोवर हाउसिंगमधल्या रबरी कूलंट सील भाजून निघतात. टाकी ॲल्युमिनियमची घाला आणि वेगळा तापमान गेज लावा. हे दोन्ही आधीच्या मालकाने केलेलं असेल तर माणूस जाणता होता असं समजा. दुसरं कारण हौस. मोकळा सायलेन्सर, डाउनपाइप आणि फिल्टर एकदम लावले की मूळ वेस्टगेटला, म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला, तो आवरत नाही. इंधन तेवढंच आणि हवा जास्त, म्हणजे डिटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट), आणि त्यात एपेक्स सीलचा तुकडा पडतो. तो बाहेर जाताना टर्बोही घेऊन जातो. ईसीयू (इंजिनाचा संगणक) न बदलता “फक्त एक्झॉस्ट केलाय” असं सांगणाऱ्याची गाडी सोडून द्या.

एफसी असो वा एफडी, इंधनाच्या रेलवरचा पल्सेशन डॅम्पर (इंधनाच्या दाबाचे धक्के झेलणारा भाग) नवा टाकाच. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळतं. या गाड्यांना आगी लागण्यामागे तो ठरलेला गुन्हेगार आहे.

आरएक्स-८: रोजच्या वापराला

चार जणांना बसता येतं, मागची दारं उलटी उघडतात, टर्बो नाही. वरच्या मॉडेलला जपानी आकड्यात २५० अश्वशक्ती, युरोपात २३१, आणि सुई ९००० पर्यंत जाते. तिच्या १३बीला रेनेसिस म्हणतात, आणि त्यात एक्झॉस्टचे पोर्ट हाउसिंगच्या परिघावरून बाजूच्या प्लेटवर आणले. धूर सुधारला, पण काजळी आणि उष्णता बाजूच्या सीलपाशी साचू लागली. शिवाय पहिल्या मालिकेत ऑइल पुरेसं पोचत नव्हतं. २००८ नंतरच्या दुसऱ्या मालिकेत प्रत्येक रोटरला तिसरा ऑइल इंजेक्टर दिला. पैसे थोडे जास्त गेले तरी तीच घ्या.

तिचा कमकुवत भाग म्हणजे इग्निशन कॉइल. ५० हजार किलोमीटरला चारही बदलायच्या, “अजून चालतायत” असं म्हणत थांबायचं नाही. कॉइल अर्धी मेली की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, तो वितळून तुंबतो, आणि अडकलेली उष्णता सील खाते. प्लग बदलताना खालचे आणि वरचे वेगळे असतात, एल आणि टी असं लिहिलेलं असतं; अदलाबदल करू नका.

गाडी बघायला जाल तेव्हा ती अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. गरम असताना लांबलचक घुरघुर करून चालू झाली, तर कॉम्प्रेशन उतरलंय.

मोजायचं कसं

साधा कॉम्प्रेशन गेज एकच, सगळ्यात मोठा आकडा दाखवतो, आणि इथे एका प्लगसमोरून रोटरच्या तीन बाजू जातात. दोन बऱ्या बाजूंमागे तिसरी मेलेली लपते. रोटरी टेस्टर असलेल्या गॅरेजमध्ये जा. इंजिन गरम हवं, आकडे २५० आरपीएमला जुळवलेले हवेत. एफडी आणि आरएक्स-८ ला किमान सुमारे ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, एफसीला ६. एकाच रोटरच्या बाजूंत दीड किलोपेक्षा, आणि दोन रोटरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नको. टेस्टर नसेल तर इंजेक्शनचा फ्यूज आणि प्लग काढून सेल्फ फिरवा आणि कान द्या: फस-फस-फस एकसारखं हवं. मध्येच एक ठोका बसका आला तर निघा.

पैशाचं गणित असं करा. एफडीसाठी गाडीच्या किमतीशिवाय पूर्ण इंजिन बांधणीचे पैसे बाजूला नसतील तर ती घेऊ नका. सुट्या भागांबाबत मात्र एफसी-एफडी दोघींना दिलासा आहे: माझदाने २०२० मध्ये दोन्हींचे निवडक भाग पुन्हा बनवायचं जाहीर केलं. पहिलीच रोटरी असेल आणि ऑफिसला न्यायची असेल तर दुसऱ्या मालिकेची आरएक्स-८. शनिवार-रविवार पाना हातात घ्यायची हौस असेल तर टर्बो एफसी.

तिन्ही गाड्या मुद्दाम ऑइल जाळतात, कारण सीलना वंगण तिथूनच मिळतं. त्यामुळे प्रत्येक दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघा आणि ५००० किलोमीटरला ऑइल बदला. पेट्रोलमध्ये लिटरमागे ४-५ मिली टू-स्ट्रोक ऑइल घालणारे बरेच आहेत. सीलना त्याचा फायदाच होतो. ॲव्हरेज सात-आठ धरा, एफडीला जोरात पळवली तर त्याहून कमी.

आणि थंड इंजिन चालू करून लगेच बंद करू नका. सांडलेलं पेट्रोल ऑइलचा थर धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं, आणि गाडी फ्लड होऊन तिथेच बसते. आरएक्स-८ मध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून दहा सेकंद सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि पेट्रोल बाहेर निघतं. एफसी-एफडीत इंजेक्शनचा फ्यूज काढून तेच करायचं. गाडी धुवायला दहा फूट पुढे घ्यायची असेल, तर न्यूट्रलला टाकून ढकला.