शाळेचा डबा: स्टीलचा घ्यावा की प्लॅस्टिकचा?

गेली सहा वर्षं आमच्या घरचे शाळेचे दोन डबे सकाळी मी भरतो. मुलगी सातवीत आहे, धाकटा तिसरीत. आजवर प्लॅस्टिकचे चार, आतून स्टील नि बाहेरून प्लॅस्टिक असे दोन आणि निव्वळ स्टीलचे तीन डबे वापरून झाले. परवा शेजारच्या वहिनींनी जिन्यात गाठून विचारलं, "भाऊजी, आमच्या छोटूला पहिलीसाठी डबा घ्यायचाय. स्टीलचा घेऊ की प्लॅस्टिकचा?" मी "स्टीलचा" म्हणून मोकळा झालो. घरी आल्यावर मात्र वाटलं, एवढ्या एका शब्दात हे भागणारं नाही. प्लॅस्टिकच्या बाजूनेही बरंच बोलण्यासारखं आहे, आणि स्टीलच्या डब्यामुळे माझा धाकटा एकदा शाळेत उपाशी राहिला आहे.

शिवाय मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वर्धनीयता (म्हणजे धातू ठोकून त्याचा पातळ पत्रा करता येणं), नादमयता, घनता असे शब्द आहेत. ते पाठ करण्यापेक्षा एक डबा ओट्यावर ठेवला की सगळे समोर दिसतात, म्हणून मुलांनाही सोबत घेऊन वाचावं.

आधी प्लॅस्टिक. डबा उलटा करून बुडाशी बाणांचा त्रिकोण शोधा. त्यात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रोपिलीन. मी बोलतोय ते याच प्लॅस्टिकबद्दल. विकतच्या पाण्याच्या बाटलीवर १ असतो; त्या पातळ बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती आक्रसून वाकडी होते. पॉलिप्रोपिलीन वितळायला १६० अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यामुळे वाफाळत्या भाजीने डबा वाकडा होत नाही. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. झाकणाची रबरी कड काढून झाकण बादलीत तळापर्यंत दाबा आणि सोडा, वर येतं. स्टीलचं झाकण तसंच आडवं बुडवून सोडा, तळाशीच राहतं. दप्तराचं ओझं वाहणाऱ्या पहिलीच्या पोराला हा फरक खांद्यावर कळतो.

प्लॅस्टिक पडलं तर दबतं आणि पुन्हा पूर्वीसारखं होतं. स्टीलला पोचा येतो आणि तो जात नाही. पोचा नेमका काठावर आला तर झाकण बसत नाही, मग तो डबा घरात डाळी-साळी भरायला जातो. आमचा एक तसाच गेलाय, त्यात आता मोहरी असते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिकचा डबा लहान बोटांनी सहज उघडतो. खटका उचलला की झालं.

आता स्टीलची ती उपाशी राहिल्याची हकीकत सांगतो. धाकटा पहिलीत होता. फ्लॉवर-बटाट्याची भाजी कढईतून थेट डब्यात काढली आणि गडबडीत झाकण घट्ट दाबून बसवलं. मधल्या सुट्टीत त्याला ते उघडेना. मित्राला उघडेना. बाईंनीही प्रयत्न केला म्हणे. संध्याकाळी डबा भरलेला परत आला आणि पोरगं दमून, रडवेलं होऊन आलं. मी परातीत गरम पाणी घेऊन डबा त्यात उभा ठेवला. दोन मिनिटांत झाकण 'फट्' करून सुटलं.

काय झालं होतं ते रात्री आम्ही तिघांनी बसून उलगडलं. गरम भाजीच्या वाफेने डब्यातली बरीच हवा बाहेर ढकलली होती. झाकणाच्या कडेला तेलाची ओल होती, तिने फट बुजवली. मग भाजी निवली, वाफेचं पाणी झालं, आतली हवाही आकसली आणि आतला दाब कमी झाला. बाहेरची हवा मात्र प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो एवढ्या जोराने दाबतच असते. मुलीने पट्टीने झाकण मोजलं, १२ सेंटिमीटर व्यास. क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर. आतला दाब बाहेरच्यापेक्षा नुसता पाच टक्क्यांनी कमी धरला तरी झाकणावर साडेपाच किलोहून जास्त वजन ठेवल्यासारखं होतं. सहा वर्षांच्या मुलाने ते कसं उचलावं?

तेव्हापासून भाजी आधी ताटलीत पसरून पंख्याखाली दहा मिनिटं निववतो, मग भरतो. झाकण पुन्हा कधी अडकलं नाही. पोळ्यांचंही तेच. स्टील लवकर गार होतं, वाफ झाकणाला आतून धरते आणि थेंब पोळीवर पडतात. त्यावर आईचा जुना उपाय आहे, पोळ्या सुती फडक्यात गुंडाळायच्या. सूत पाणी शोषून घेतं, प्लॅस्टिकही घेत नाही आणि स्टीलही घेत नाही. त्या एका हातभर फडक्याने पोळी मधल्या सुट्टीपर्यंत कोरडी राहते.

आतून स्टील, बाहेरून प्लॅस्टिक असे डबे दिसायला छान असतात, पण आमच्या दोन्ही डब्यांत धुताना दोन थरांच्या मध्ये पाणी शिरलं. हलवला की आत डुचमळायचं, आणि ते काढता येत नाही. जोड पक्का असलेले चांगले डबेही मिळत असतील, आमच्या वाट्याला आले नाहीत.

इथवर हिशेब केला तर प्लॅस्टिकचं पारडं जरा जडच आहे. माझा कौल फिरला तो वासामुळे.

आम्ही कोकणात राहतो. शाळा सुरू होते ती पावसाबरोबर. मुलगी चौथीत असताना तिचा निळा प्लॅस्टिकचा डबा होता, ५ आकड्याचा, चांगला. आठवड्यातून दोनदा त्यात पोळी आणि लसणाची चटणी जायची, वर कच्च्या तेलाची धार. रोज साबणाने घासलेला असायचा. एका शुक्रवारी वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता, म्हणून तिने शिरा मागितला. साजूक तुपातला, वेलची घातलेला केला. घरी आली ती डबा ओट्यावर ठेवून म्हणाली, "बाबा, शिऱ्याला लसूण येतोय." मी चव घेतली. खरोखर येत होता. आदल्या दिवशी नाही, तीन दिवसांपूर्वी चटणी दिली होती.

पहिल्यांदा वाटलं, नीट धुतला गेला नसेल. म्हणून मुलीने आणि मी एक प्रयोग केला. प्लॅस्टिकचे दोन सारखे डबे आणि स्टीलचा एक घेतला. एका प्लॅस्टिकच्या आणि स्टीलच्या डब्यात चमचा-चमचा लसणाची चटणी तेलात कालवून रात्रभर ठेवली. दुसरा प्लॅस्टिकचा डबा रिकामाच ठेवला. सकाळी तिन्ही एकाच साबणाने, एकाच घासणीने, सारखाच वेळ घासले, पुसले आणि झाकणं लावून दिवसभर ठेवले. संध्याकाळी धाकट्याच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि एकेक डबा नाकाखाली उघडला. स्टीलला तो म्हणाला, "काही नाही." रिकाम्या प्लॅस्टिकला म्हणाला, "दुकानाचा वास." चटणीच्या प्लॅस्टिकला त्याने मानच मागे घेतली. डबे अदलाबदल करून तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, पण आमच्या घरात त्यानंतर वाद उरला नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. प्लॅस्टिक वरून गुळगुळीत दिसतं, पण ते लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचं गुंताळं आहे, आणि साखळ्यांच्या मध्ये फटी असतात. पॉलिप्रोपिलीनला पाणी आवडत नाही, तेल आवडतं. लसणाचे वासाचे रेणू तेलात विरघळणारे, ते तेलाबरोबर सावकाश त्या फटींत शिरतात. साबण पृष्ठभागावरचं तेल काढतो, आत गेलेलं त्याच्या हाती लागत नाही. पुढे कधीतरी गरम, तुपाळ शिरा आत आला की ते रेणू बाहेर यायला मोकळे. हळदीचंही तसंच, तिचा रंग तेलात विरघळतो आणि डब्यात शिरून बसतो. पिवळ्या पडलेल्या डब्यावरचा ताजा डाग धुण्याच्या साबणाने घासून पाहा. वरवर उरलेली हळद लालसर होईल, कारण हळद आम्लारीत लाल होते. आत मुरलेला पिवळा मात्र तसाच राहील.

यावर उपाय आहे, उन्हाचा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. दोन-तीन कडक उन्हं दाखवली की डबा बराच पांढरा होतो, वासही पुष्कळसा जातो. उन्हाळ्यात मी तसं करतो. पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडेच दोन-दोन दिवस वाळत नाहीत, डब्याला ऊन कुठून आणायचं? सोलापूरला किंवा नगरला राहत असतो तर कदाचित माझी तक्रार एवढी टोकाची नसती.

स्टीलमध्ये शिरायला अशा फटी नाहीत. धातूचे अणू दाटीने रचलेले असतात, तेलाचा भलामोठा रेणू आत जाणार कसा? आणि वर क्रोमियमचा पहारा असतो. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. घासणीने ओरखडा आला तरी तो आपोआप भरून येतो. इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली असं पोलाद बनवलं. आपल्या चांगल्या भांड्यांत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं.

आजी पितळेच्या डब्यात ताक घालू द्यायची नाही. "कळकेल" म्हणायची. पितळेतलं तांबं आंबटात उतरतं, चव बिघडते, पोटालाही बाधतं. म्हणून तर आतून कल्हई करायची, म्हणजे कथलाचा हात द्यायचा. जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, डबेही चिंच-दह्याने खराब व्हायचे, कारण ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर आंबटात विरघळतो. पितळ अन्नाला स्वतःचं काही देतं आणि प्लॅस्टिक कालच्या अन्नाचं आजच्या अन्नाला देतं. स्टील मधल्या सुट्टीपुरतं तरी यातलं काही करत नाही.

"मधल्या सुट्टीपुरतं" म्हणतोय ते मुद्दाम. मीठ त्या क्रोमियमच्या थरालाही भेदतं. लोणचं स्टीलमध्ये आठवडाभर ठेवलं तर बारीक टिपके पडतात. लोणच्याची जागा बरणीत. आणि ज्या स्टीलच्या डब्याला सिलिकॉनची कड असते, त्या कडेत वास शिरतोच. पातळ भाजी सांडू नये म्हणून कड हवी असेल तर ती निघणारी असावी. आम्ही दोन ठेवल्या आहेत, एक तिखटाची, एक गोडाची.

तेव्हा वहिनींना मी आता असं सांगेन. तुमच्याकडे रोज कोरडी भाजी-पोळी, पोहे, फळं असं जाणार असेल आणि मुलाची बोटं नाजूक असतील, तर पहिलं वर्ष ५ आकड्याचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, काही बिघडत नाही. चटणी, रस्सा, लोणचं जाणार असेल तर मात्र स्टीलचाच बरा. पुढे-मागे तुम्ही त्यावर येणारच, असं मला वाटतं.

दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. १८-८ स्टीलच्या सपाट बुडाला ते धरत नाही. वळणाच्या कोपऱ्याशी नेलं तर किंचित ओढ जाणवेल. घाबरू नका, पत्रा दाबून वळवला की तिथली अणूंची रचना थोडी बदलते. सगळीकडे घट्ट चिकटलं तर त्यात निकेल नाही. डबा चालेल, पण दमट हवेत लवकर डागाळण्याचा संभव आहे. उलट, चुंबक धरत नाही म्हणून १८-८च आहे असंही नाही, मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही धरत नाही. बुडावर छापलेला ३०४ हा आकडा शोधा, १८-८ स्टीलची ती खूण.

मग मुलालाच पुढे करा. त्याच्या हाताने झाकण दहा वेळा लावून काढून घ्या, दुकानदार थांबतो. काठावर बोट फिरवा, धार लागता कामा नये. टिचकी मारा आणि मुलाला आवाज ऐकवा. पुस्तकातली नादमयता ती हीच. आणि पैसे दिल्यावर नाव घालून घ्या. ते बारीक यंत्र कर्रर्र करत पत्र्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं काढतं तेव्हा माझा धाकटा टाचा उंचावून, श्वास रोखून बघत होता.